पाठीवरून घेतलेला नमुना

आमच्या बेटावर क्रोशाचा नमुना कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी कुणाला विचारतही नाही. तो रविवारी चर्चमध्ये, पुढे बसलेल्या बाईच्या पाठीवरून घ्यायचा असतो. प्रार्थना चालू असते, ओठ हलत असतात आणि डोळे विणीतले खांब, म्हणजे उभे टाके, मोजत असतात. पुढे बसलेल्या बाईलाही हे ठाऊक असतं. सेलेपाआजी तिसऱ्या बाकावर बसते, त्यामुळे चर्चमधला चौथा बाक सगळ्यात आधी भरतो.

चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत मी त्या चौथ्या बाकावर कधी बसले नव्हते. मला क्रोशा येत नव्हता. मुलींच्या हातात सुई येते त्या वयात मी शिष्यवृत्तीवर दूर सुवा शहरातल्या वसतिगृहात राहत होते. पुढे भौतिकशास्त्र शिकले आणि परत आले तोवर आई गेली होती. गेली एकोणीस वर्षं मी इथे, फुनाफुतीच्या हवामान केंद्रात आहे. पाऊस मोजते, वारा नोंदवते, फुगे सोडते. नवरा मालवाहू जहाजावर असतो. त्याची बहीण आसेता शेजारीच राहते आणि माझ्या कामाबद्दल तिचं एक ठरलेलं वाक्य आहे: वहिनीला ढगातलं पाणी मोजता येतं, साखळीतले टाके मोजता येत नाहीत.

मी ते मनाला लावून घेत नव्हते. मग माझ्या मुलीला, फेतूला, सुवाच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला.

बेट सोडून जाणारी मुलगी आईच्या हातचं काहीतरी अंगावर घालून विमानात बसते. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तसं न घालता गेलेली मुलगी मी पाहिलेली नाही. मी स्वतः गेले तेव्हा आईने विणलेला पांढरा पट्टा माझ्या केसांवर होता. वसतिगृहातल्या पहिल्या वर्षी मी तो उशाखाली ठेवून झोपायचे. फेतूने माझ्याकडे काही मागितलं नाही. एका संध्याकाळी भांडी घासताना तिने हळूच एवढंच सांगितलं, की सेलेपाआजीच्या खांद्यावर असतो तसला जाळीचा तिकोनी रुमाल आपल्याला आवडतो. उन्हात डोक्याला बांधता येतो, वारा सुटला तर गळ्याभोवती, पोहून आलं की कमरेला. हे तिने घरातच आणि हळू सांगितलं, कारण आमच्याकडे कुणाच्या वस्तूचं तिच्यासमोर कौतुक केलं की ती बाई वस्तू काढून आपल्या हातात ठेवते. मग ती घ्यावीच लागते.

विमान तीन आठवड्यांनी, गुरुवारी होतं.

आसेता म्हणाली, मी एका संध्याकाळात विणून देते, कुणाला कळणार आहे. मी म्हटलं, मला कळेल. तिने घरात जाऊन सुई आणि जुन्या लोकरीचा गुंडा आणला आणि मला खाली चटईवर बसवलं. तीन संध्याकाळी ती माझ्या बोटांवर चापट्या मारत होती. साखळी, मुका टाका, खांब. माझे खांब एकसारख्या उंचीचे येतात हे तिला मान्य करावं लागलं, पण तेही तिने सरळ सांगितलं नाही. "यंत्रासारखं विणतेस, वहिनी," ती म्हणाली. "सरकारी यंत्रासारखं."

रुमालाचा नमुना तिलाही येत नव्हता. कधी घेतलाच नव्हता म्हणाली, आता चौथ्या बाकावर जाऊन बस.

त्या रविवारी आम्ही अर्धा तास आधी निघालो. सेलेपाआजी आली, बसली, आणि तिच्या पाठीवरचा पिवळा रुमाल माझ्यापासून हातभर अंतरावर आला. मला हे काम जमेल असं वाटलं. मोजणं हा माझा धंदा आहे. मानेपासून खालच्या टोकापर्यंत चाळीस ओळी होत्या. मधोमध एक कणा: प्रत्येक ओळीत दोन खांब, दोन साखळ्या, पुन्हा दोन खांब, त्यामुळे कोपरा वळत जातो. कण्याच्या दोन्ही बाजूंना एक खांब, एक साखळी अशी जाळी. मी तीन वेळा मोजलं. प्रवचन कशावर होतं ते मला आजही सांगता येणार नाही. घरी आल्यावर सगळं पावसाच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढलं.

दुकानात निळा सुती दोरा मिळाला. ड्यूटी संपली की मी विणायला बसायचे. विसाव्या ओळीला मला शंका आली की हा आकार तिकोनी दिसत नाही. पण नोंदी पूर्ण होण्याआधी निष्कर्ष काढायचा नाही अशी मला सवय आहे, आणि ती या वेळी नडली. मी पुढे विणत राहिले. धुतल्यावर सैल होऊन पसरेल, असंही मनाशी म्हणत होते. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी चाळिसावी ओळ संपली. मी तो धुतला, चटईवर पसरला आणि फूटपट्टी लावली. चारही बाजू सारख्या, चारही कोन काटकोन. माझ्या हातून एक निर्दोष चौकोन तयार झाला होता.

आसेता आली तेव्हा मला तो लपवता आला नाही. तिने तो उचलला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि भिंतीला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ब्रेडवर झाकायला छान आहे, म्हणाली. मग माझा चेहरा पाहून, मी देते विणून, असं पुन्हा एकदा म्हणाली. या वेळी हळू आवाजात.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला चूक दिसली. कोपरा मला बरोबर मिळाला होता, पण एका कोपऱ्यातून नव्वद अंशच मिळतात. तिकोनी रुमालाला मानेपाशी एकशे ऐंशी हवेत. उरलेले नव्वद कडांना कुठेतरी वाढत असणार, आणि कडा मी पाहिल्याच नव्हत्या. सेलेपाआजी रुमालाची दोन्ही टोकं पुढे, छातीवर गाठ मारून बांधते. माझी प्रत्येक नोंद अचूक होती आणि सगळ्या नोंदी एकाच बाजूच्या होत्या.

कडा कुठे आणि किती वाढवायच्या हे मी अंदाजाने काढू शकले असते. पण विमानाला सहा दिवस उरले होते आणि एक चौकोन विणायला मला अकरा दिवस लागले होते. पुन्हा चुकायला वेळ नव्हता. शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर मी चौकोन पिशवीत घातला आणि सेलेपाआजीकडे गेले.

ती अंगणात नीरफणसाखाली चटईवर बसून टाके घालत होती. पिवळा रुमाल खांद्यावर होता. मी शेजारी बसले. तिने मला नीरेचा पेला दिला, नवऱ्याच्या जहाजाची चौकशी केली, फेतू कधी निघते ते विचारलं. कडा कशा वाढवता, एवढंच मला विचारायचं होतं. हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही, आणि मी तो येताना रस्ताभर घोकला होता. पण ती वळली तशी छातीवरची गाठ माझ्यासमोर आली, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"आजी, हा रुमाल किती सुंदर आहे."

तिची सुई थांबली. मी ओठ चावले, पण शब्द निघून गेला होता. तिने सुई खाली ठेवली, दोन्ही हातांनी गाठ सोडली, रुमालाची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

नाही म्हणणं म्हणजे अपमान, आणि घेणं म्हणजे मी तिच्या अंगावरचं काढून नेणं. वर फेतूला द्यायला तो चालणार नव्हता, कारण तो माझ्या हातचा नव्हता. घेतलं की आपल्याकडचंही काहीतरी द्यायचं असतं, आणि माझ्या पिशवीत डबा आणि तो चौकोन सोडून काही नव्हतं. मी चौकोन काढून तिच्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. चौथा बाक, तीन वेळा मोजलेल्या ओळी, नव्वद अंश, फेतू.

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने चौकोन गुडघ्यावर पसरला आणि कण्यावरून अंगठा फिरवत खालपर्यंत गेली. मग म्हणाली, "तीस वर्षं बायका माझ्या पाठीवरून नमुने घेतायत. मलाही ते आवडतं, नाहीतर मी शेवटच्या बाकावर बसले असते. पण कुणी समोर येऊन बसलं नव्हतं गं पोरी."

पुढचं तिने तोंडाने सांगितलं नाही. माझ्या मांडीवरचा रुमाल उलगडला, त्याच्या एका टोकावर माझं बोट ठेवलं आणि त्याला कडेकडेने चालवलं. प्रत्येक ओळ सुरू होताना टोकाच्या घरात दोन जादा खांब. ओळ संपताना पुन्हा दोन. एवढंच होतं ते. मी म्हटलं, म्हणजे दोन्ही कडांना अर्धा अर्धा कोपरा. ती म्हणाली, तू काय वाटेल ते म्हण, दोन खांब घालायला विसरू नकोस.

निघताना तिने बजावलं की दिलेली वस्तू कपाटात ठेवायची नसते, अंगावर घालायची असते.

घरी फेतूने पिवळा रुमाल हातात घेतला, खिडकीशी नेऊन जाळी पाहिली, आणि घडी घालून माझ्या हातात परत दिला. "हा आजीचा आहे," ती म्हणाली. "तुझा कधी होतोय?"

निळा दोरा संपला होता. दुकानात उरला होता तो पिकलेल्या पपईच्या रंगाचा. तोच घेतला. केंद्रातल्या माझ्या सहकाऱ्याने न विचारता माझ्या दोन ड्यूट्या केल्या. आसेताने पाच दिवस आमच्या घरचा भात आणि मासे रांधले, आणि रोज येऊन विचारलं की आज किती कोनांचा झालाय.

रविवारी मी चौथ्या बाकावर पिवळा रुमाल घालून बसले. सेलेपाआजी आली. तिने माझा निळा चौकोन डोक्यावर घातला होता. एक कोपरा कपाळाशी, समोरचा मानेवर लोंबता, दोन बाजूंना केसांचे दोन आकडे लावलेले. तिच्या पांढऱ्या केसांवर तो मला ओळखूही आला नसता. माझ्या उजवीकडची बाई स्तोत्र म्हणता म्हणता पुढे झुकली. डावीकडच्या बाईची बोटं मांडीवर हलू लागली, दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. मी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मी खरंच प्रार्थना केली, आणि तीत मागणं काही नव्हतं.

बुधवारी दुपारी चाळिसावी ओळ संपली. चटईवर पसरला तर वरची कड सरळ होती. फूटपट्टी मी लावली नाही.

गुरुवारी सकाळी आठला वारा आग्नेयेकडून होता, बारा नॉट, आकाश निरभ्र. मी ड्यूटीवर नव्हते, तरी पाहिलं. विमान येत असल्याचा भोंगा वाजला, धावपट्टीवरची पोरं आणि कुत्री बाजूला झाली. विमानतळाच्या छपराखाली फेतूने रुमाल डोक्याला बांधला. मग वारा लागायला लागला तसा सोडून गळ्यात घातला आणि गाठ छातीवर घेतली. ओळखीच्या बायका फुलांच्या माळा घेऊन आल्या होत्या. प्रत्येकीची नजर आधी रुमालावर जात होती. एवढा विचार केला होता, हा केला नव्हता. यांच्यातल्या एकीने जरी छान म्हटलं, तरी फेतूला तो इथेच सोडून द्यावा लागणार होता. फेतूलाही ते कळलं असावं. तिचा हात गाठीवर होता.

सेलेपाआजी पुढे आली. डोक्यावर निळा चौकोन होताच. तिने फेतूच्या गळ्यात माळ घातली, रुमालाचं टोक दोन बोटांत धरलं, कडेचे खांब सावकाश तपासले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ठीक आहे. रंग जरा जास्तच भडक आहे."

पाठोपाठ आसेता म्हणाली की वहिनीचे खांब सरकारी आहेत. मागून एकीने जाळी मोठी झाल्याचं सांगितलं. दुसरी म्हणाली, टोक थोडं डावीकडे गेलंय. बरोबर बोलत होती, सतराव्या ओळीत मी चुकले होते. एकेक बाई यायची, माळ घालायची, रुमालाला हात लावायची आणि त्यात काहीतरी खोट काढायची. शेवटच्या बाईला काही सापडेना. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, उन्हात विटेल हं.

फेतूचा हात गाठीवरून खाली आला.

विमान धावपट्टीच्या टोकाला वळलं, तेव्हा मागून दुसऱ्या खिडकीत मला पपईचा रंग दिसला. शेजारी सेलेपाआजी उभी होती. मला तिचे आभार मानायचे होते. मी तिच्या डोक्यावरच्या निळ्या चौकोनाकडे पाहिलं आणि म्हटलं, "आजी, हा तुम्हाला मुळीच शोभत नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि माझा हात धरून चालू लागली.