आतल्या आवाजाची दुसरी तार

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी माणसं शिरतच होती. आवाजमहाराजांची ख्यातीच तशी. न बोलणाऱ्या लेकराचा आतला आवाज ते आईला ऐकवत. गळ्यात पट्टा, पट्ट्याला डब्याएवढा मिक्सर. स्वयंपाकघरातला नव्हे, शूटिंगवाले आवाज घ्यायला अडकवतात तो. लेकरासमोर माइक धरायचा, आईच्या कानांवर हेडफोन चढवायचा, एक बटण फिरवायचं, की आई ढसाढसा रडलीच. मंचावरून खाली उतरली की तीच हसत सुटायची. तिला बघून पुढची हसायची. सगळा हॉल हुरळला होता.

ढमीची आई रांगेत होती ती सासूबाईंच्या हट्टापायी. ढमी अडीच वर्षांची, भोपळ्यासारखी गोल, आणि तोंडातून अजून एक शब्द नाही. कानाच्या डॉक्टरांनी उद्याची वेळ दिली होती. पण महाराजांचं पथ्य कडक: आवाज ऐकला की वर्षभर डॉक्टरकडे जायचं नाही, नाहीतर तो रुसतो.

"आज आवाज आला तर उद्याचं रद्द," सासूबाईंनी बजावलं.

"आणि नाही आला तर?"

"येतो गं. सगळ्यांचा येतो."

तिला नेमकी तीच काळजी होती. सगळ्यांचा कसा येतो? ती मिक्सरवरून नजर हलवेना. त्यावर दिव्यांच्या दोन ओळी होत्या. पोर रडलं, खोकलं की वरची नाचायची. आईला हुंदका फुटायचा तेव्हा मात्र वरची गप्प, आणि नाचायची खालची.

नंबर आला.

"ताई, हे यंत्र नाही, कान आहे कान," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मुलं बोलतच असतात. बहिरे आपण. आता सहस्राव्या वाटेने ऐका."

आधीच्या नऊशे नव्याण्णव कोणत्या, हे विचारायची कुणाला सवड?

बटण फिरलं. "आई," कानात कुणीतरी इवलंसं म्हणालं. "आई, मी तुझीच गं."

त्या क्षणी महाराजांनी घर मागितलं असतं तरी तिने लिहून दिलं असतं.

तेवढ्यात ढमीने हातातली स्टीलची वाटी माइकवर दाणकन आपटली. हॉल दचकला. दिव्यांची वरची ओळ लालभडक झाली. तिला मात्र तो दणका बाहेरूनच, दबका ऐकू आला. हेडफोनमध्ये इवला आवाज आपला मजेत, "आई, मी आतून हाका मारते गं."

ढमीची वाटी कानात नाही, मग कानात आहे कोण?

तिने सरळ हात घातला आणि बटण उलटं फिरवलं. ढमीने वाटी पुन्हा आपटली. दाण्ण. कान बधिर झाले. परत फिरवलं. इवला आवाज शिंकला, तोही चांगला दणदणीत. तिला हसू आवरेना.

"अहो आई, तुम्हीच ऐका." तिने हेडफोन सासूबाईंच्या डोक्यावर चढवला. "ही आपली ढमी. आणि ही... ही कोण?"

"यंत्राला हात लावाल तर कोप होईल," महाराज कडाडले.

"गप रे मेल्या, ऐकू दे," सासूबाई म्हणाल्या.

मिक्सरची दुसरी तार महाराजांच्या मागच्या पडद्याखाली गेली होती. तिने ती ओढली. तारेमागून माइक आला, माइकमागून महाराजांची मेहुणी आली, नाक पुसत, आणि सवयीने त्याच इवल्या आवाजात म्हणाली, "कोण ओढतंय गं?"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. फक्त पहिल्या रांगेतली एक आई हसत नव्हती.

"मग माझ्या मुलाचा आवाज?"

ढमीची आई तिच्याजवळ जाऊन बसली. "हेडफोनला कोणती तार ऐकवायची, ते बटण ठरवतं, ताई. आणि बटण यांच्या हातात. तुमचा मुलगा बोलेल का, मला नाही माहीत. माझी बोलेल का, तेही नाही. पण वर्षभर वाट बघण्यात त्याचंच वर्ष जाईल. उद्या आमच्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना धारेवर धरलं. आवाज कुठून सोडता? तार कुठे जाते? पोरीला ऐकू आलं हे तुम्हाला कसं कळतं? बाईंनी हसत एकेक दाखवलं आणि त्यांनाही खुर्चीत बसवून त्यांचेच कान तपासले. ढमीच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. उपचार होता, आणि उशीर झाला नव्हता.

तेव्हा चमत्कार समोर आला की एवढंच करा: कसं, म्हणून विचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.