हुदहुद आणि पोपटी साडी

केतकीनं पुण्याहून पहिल्या पगारातून दोन वस्तू पाठवल्या होत्या, बाबांना कॅमेरा आणि आईला पोपटी साडी. सौंसरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर पाखरांचे फोटो काढीन, असं रवींद्र गुरुजींनी आधीच गावभर सांगून ठेवलं होतं. आता कॅमेरा आला, वेळही मिळाला, पण जन्मभर हजेरी घेतलेल्या माणसासमोर पाखरं काही हजर होईनात.

काल फोनवर केतकी म्हणाली, "बाबा, कॅमेरा कपाटातच पडलाय का? आवडला नसेल तर सांगा." ती हसतच बोलली, तरी गुरुजींच्या मनाला लागलं. आज पोरीला एक तरी धड फोटो पाठवायचाच, असं ठरवून ते सकाळीच रामाकोन्याच्या वाटेवरच्या आपल्या संत्र्याच्या बागेत येऊन बसले.

फाल्गुन असून आभाळ सुतकात असल्यासारखं काळवंडलेलं. वारा झाडांची फुलं झोडपत होता. गुरुजींनी चार बांबू रोवून भोवती हिरवं कापड बांधलं आणि आत स्टुलावर दबा धरला. पाणी दिलेल्या ओलीत किडे टिपायला हुदहुद यायचा, मान वळवायचा आणि भुर्रकन जायचा. सकाळभर हेच.

डबा घेऊन केतकीची आई, विजयाताई आल्या.

"काय करून राहिले?"

"हळू बोल. पाखरं येतात."

"कुठं येऊन राहिली? सारी तं पळून राहिली." त्या हसता हसता थांबल्या. "अवो, हे तं माही साडी! केतकीनं पाठवलेली!"

"पेटीच्या बुडात होती. तू नेसतच नाईस, तं मी आणली. पानाच्या रंगाची आहे."

"जपून ठेवली होती मी!"

"मी कॅमेरा जपला तं पोरगी मले बोलते. तुले कोणी बोलत नाई."

मग बाईंनी दुसरीकडून पकडलं. "मले सांगा मास्तर, रानडुकरं पळवाले आपण वावराच्या धुऱ्यावर काय बांधतो?"

गुरुजी घुटमळले. "जुन्या साड्या."

"काऊन?"

तेवढ्यात वारा आला आणि पोपटी पदर फडफडून गुरुजींच्याच तोंडावर बसला. वेगळं उत्तर द्यायची गरज उरली नाही.

विजयाताईंनी बांबूंवरची साडी सोडली. खाली सगळा चिखल आणि वारा बोचरा, म्हणून ती नेसत्या लुगड्यावरूनच अंगाला गुंडाळून पदर कमरेला घट्ट खोचला आणि त्या समोरच्या बांधावर बसल्या. आता फडफडणारं काही राहिलं नव्हतं. थोड्याच वेळात हुदहुद ओलीत उतरला. वाऱ्यानं त्याचा तुरा उलटा होई, फोटो हलून जाई. गुरुजी चरफडत होते. मग वारा क्षणभर पडला, पाखरानं तुरा उघडला आणि फोटो निघाला.

त्यांनी तो फोनवर घेऊन लगेच पोरीला पाठवला. उत्तर आलं तसं त्यांनी मोठ्यानं वाचलं, "बाबा, काय सुंदर आलाय! आणि मागं आई आहे ना? नेसली एकदाची माझी साडी! मला वाटायचं, तिला आवडलीच नाही."

विजयाताईंना एकदम भरून आलं. पोर इतके दिवस हे मनात धरून होती, आणि आपण मात्र साडीला नुसत्या डांबरगोळ्या घालत बसलो.

"तिले बांबूचं सांगू नका," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

"नाई सांगत," गुरुजी म्हणाले. "पण उद्या नीट नेसून ये. तुहा एकटीचा काढतो."