गोमा तांडेलाची उपडी पानं

गोमा तांडेलाच्या बोटीवर उंदीरसुद्धा टिकत नसत. बोट धक्क्याला लागली की खलाशांच्या आधी ते उडी मारून उतरत आणि मागे वळूनही बघत नसत, असं तारापूरजवळच्या त्या कोळीवाड्यात शपथेवर सांगत. गोमा बोट हाकायचा ती आभाळाकडे न बघता. वीजकेंद्राचे दिवे लागून दहा-बारा वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. त्याच्या आदल्याच साली तो डोलकाठी भर समुद्रात सोडून आला होता आणि वर म्हणाला होता, "वजन उतरलं, कशी पलाली बघ बोट!"

असल्या बोटीवर राजीखुशीने कोण चढणार? म्हणून गोमा खलाशी पत्त्यांत जिंकायचा.

नारळी पुनव दोन दिवसांवर आली होती. पुनवेला नारळ दिल्याशिवाय वाड्यातली एकही बोट पाण्यात उतरत नसे. गोमाला मात्र दुसऱ्याच दिवशी पहाटे निघायचं होतं. बोईसरच्या बाजारात पहिलं पापलेट त्याचंच पोचायला हवं होतं. चार खलाशी लागत, तीन जिंकून झाले होते. त्या दुपारी जाळी विणणारा वामन आपला उसनी आणलेली जाळ्याची सुई परत द्यायला गोमाच्या घरी गेला, आणि गोमाने सुईबरोबर मनगटही धरलं.

"बस वामन्या. तीन पत्ती. हे तुझे वीस चिंचोके. जितके हारशील तितक्या फेऱ्या माझ्या बोटीवर. जितके जिंकशील तितक्या पाट्या मासळी."

"गोमादादा, घरी मंजुळा वाट बघत आसल…"

"बघू दे. पुढंही बघायचीच हाय तिला."

कोपऱ्यात चिंतू बसला होता. तो सकाळी सहा फेऱ्या हरला होता आणि आतापासूनच त्याला मळमळत होतं. पानं वाटायला गोमाची आई, काशीबाई. तिच्या घरचे नियम खुद्द गोमालाही मोडता येत नसत. पानं उपडीच ठेवून खेळलं तर ब्लाइंड. ज्याने पानं बघितली त्याने दुप्पट लावायचं, आणि ब्लाइंडवाल्याकडे शो मागायचा नाही. एक तर लावत राहा, नाही तर टाक.

गोमा जन्मात पानं बघत नसे.

वामनने बघितली. तीन राजे! वाईट पानं असती तर टाकून मोकळा झाला असता, पण तीन राजे टाकायचे कसे?

"एक," गोमाने चिंचोका फेकला. वामनने दोन ठेवले.

"आजून एक."

वामनने आणखी दोन ठेवले. मग आणखी दोन, आणखी दोन. गोमाच्या पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग, आणि वामनच्या हातात तीन राजे घामाने ओले. समोरची तीन पानं नुसती पडून होती. त्यांत तीन एक्के असले तर? शो मागता येत नव्हता. गोमा दात दाखवत होता, आणि प्रत्येक चिंचोक्यागणिक वामनला पाण्यात एक लाट जास्त दिसत होती. आठ गेल्यावर त्याने राजे टाकले.

काशीबाईने ते उलटे करून बघितले. मग वामनकडे असं बघितलं की त्याला बुडाल्यासारखं झालं.

आता बारा उरले. उद्याची फेरी ठरलीच होती.

दुसरा डाव वाटला गेला. वामनने पानांकडे हात नेला, पण बोटं वळेनात. जाळ्याची बारीक गाठ मारणारी बोटं, तीन पत्ते उचलायला तयार होईनात. शेवटी त्याने ती मांडीखाली दाबली.

"वामन ब्लाइंड," काशीबाई म्हणाली.

चिंतूची मळमळ थांबली. गोमासमोर आजवर कोणी ब्लाइंड खेळलं नव्हतं.

गोमा हसला. "दोन." वामनने कोपराने दोन ढकलले. "चार." चार ढकलले. "सहा!" तेही गेले. वामनपुढे नुसती सारवलेली जमीन उरली.

"बघ हां," गोमा पुढे वाकला, "मी सुकाणू लावतो. जिंकलास तर तांडेल तू. तू अख्खा हंगाम लाव, होळीपर्यंत. नायतर टाक."

वामनने विचार केला. उद्या पहाटे मेलो, तर होळीपर्यंतचा हंगाम कुणाच्या बापाचा?

"लावला," तो म्हणाला, आणि डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घेऊ लागला.

गोमाची चाल होती. बाहेर पागोळ्या गळत होत्या. गोमाने वामनचे हलणारे ओठ बघितले. हा मोजतोय काय? याला कळलंय काय? त्याने वामनची उपडी पानं बघितली, मग आपली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कपाळावर घाम आला. हात आपोआप पुढे गेला, आणि गोमाने पानं उचलली.

"अगं आये!" चिंतू ओरडला.

दोन गुलाम आणि नव्वा.

"शो," गोमा म्हणाला.

"बगितलंस ना? मग शो नाय," काशीबाई म्हणाली. "दुप्पट लाव."

"सुकानूची दुप्पट काय आस्ते, आये?"

"बोट. आन बोट माझ्या नावावर हाय."

गोमा वामनकडे वळला. त्याचा आवाज पार पातळ झाला होता. "वामन्या, तू पन बग ना रे एकदा. न बगता खेलतंय का कोन?"

वामनने डोळेही उघडले नाहीत. गोमाने गुलाम उचलले, ठेवले, परत उचलले. जोडी तशी बरी होती. पण समोर तीन एक्के असले तर?

त्याने पानं टाकली.

काशीबाईने वामनची पानं उलटली. दुर्री, पंजा, सत्ती. गोमा त्या दुर्रीकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"मग, तांडेल," शेवटी तो दात खात म्हणाला, "उद्या पहाटे किती वाजता?"

तांडेल म्हणजे आपण, हे वामनच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"पुनव झाल्यावर," तो म्हणाला.

पुनवेला नारळ वाहिला. वाड्यातल्या साऱ्या बोटी निघून गेल्या. वामन सुकाणू धरून सकाळपासून आभाळ बघत होता. पश्चिमेचं बघून झालं, दक्षिणेचं राहिलं होतं. दोराची गुंडाळी घेऊन गोमा बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर ताटकळला होता.

"तांडेल, निगायचं का आता?"

"थांब. आजून बघतोय."

आणि त्याच दुपारी, चिंतू शपथेवर सांगतो, धक्क्यावरच्या दोरावरून पहिला उंदीर बोटीवर परत आला.