मागून घेतलेला रोडगा

उद्याच्या सहलीचा पाहुणा कोण आहे हे जनकाबाईला संध्याकाळी कळलं. कळल्यावर तिने बांधून ठेवलेलं गोवऱ्यांचं पोतं पुन्हा सोडलं आणि त्यातल्या ओलसर गोवऱ्या एकेक करून बाहेर काढल्या. या माणसाचा रोडगा कच्चा राहून चालणार नव्हतं.

तिचा लेक प्रज्ञेश सेनगावात जीप चालवत असे. एरवी गोरेगाव-हिंगोलीची भाडी, पण पावसाळा सरत आला की रविवारची सहल. सकाळी पैनगंगेच्या अभयारण्यात फिरवायचं, दुपारी सहस्रकुंडाच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतात आंब्याखाली जेवण द्यायचं आणि मग धबधबा दाखवून दिवे लागायच्या आत घरी आणून सोडायचं. जेवण म्हणजे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. शहरातली माणसं त्यावर तुटून पडत. हे जेवण जनकाबाईच्या हातचं असे.

या खेपेची मागणी पुण्याच्या ऋतुजा नावाच्या मुलीने फोनवरून केली होती. ती, तिचे आईवडील आणि सासरे. सासऱ्यांचं नाव-गाव तिने शेवटी सांगितलं. डोंगरवाडीचे संतरामअण्णा.

"आई, उद्या तू येऊ नको," प्रज्ञेश म्हणाला. "मी मावशीला नेतो."

"मावशीचा रोडगा आतून पिठूळ राहतो. मीच येते."

"मग तिथं काही बोलू नको. गिऱ्हाईक हाय ते."

"काहून बोलू? जेवू घालीन फक्त."

लेकाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्याबरोबर गोवऱ्या निवडायला बसला. आई कमी बोलते तेव्हा जास्त ठरवलेलं असतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. नवरा अमृतराव गेला त्याच वर्षी जनकाबाईला डोंगरवाडीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून संतराम दारात येऊन उभा राहिला. स्वयंपाकघराकडे पाठ, तोंड गुरुजींकडे. "आमची लेकरं बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं खाणार न्हाईत," म्हणाला. "आन् जो कुणी तिच्या हातचं खाईल, त्यानं माझ्या दारच्या पंगतीत बसू नये." पोरांनी ताटल्या पालथ्या घातल्या. एवढ्याशा त्या पोरांना काय कळत होतं, त्यांना भूक लागली होती. पण बाप दाराबाहेर उभे होते. जनकाबाईने तक्रार केली. चौकशीला साहेब आले, अण्णाच्या ओसरीवर चहा पिऊन गेले. आठवडा सरायच्या आत त्या चुलीपुढे संगिता बसली, म्हणजे संतरामची भावजय. जनकाबाईने भांडीकुंडी भाड्याच्या जीपमध्ये घातली आणि सेनगाव गाठलं.

त्या सगळ्या प्रकारात संतरामने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त डसली होती. ज्याची आठवण काढून ती रोज पीठ मळत होती, त्याला तिचा चेहरासुद्धा माहीत नव्हता.

सकाळी जीप डोंगरवाडीच्या वेशीतून आत गेली तेव्हा ती सगळ्यात मागे, पातेल्यांच्या आणि पोत्याच्या सोबतीला बसली होती. संतराम पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाहेर आला. नातवाचं जावळ पुढच्या रविवारी होतं, त्यासाठी पुण्याचे व्याही आधीच येऊन राहिले होते. बाळाला आजीजवळ ठेवून मंडळी निघाली. संतराम पुढच्या सीटवर बसला, मागे एक नजर टाकली आणि बाईकडे बघावं तसं नाही, पोत्याकडे बघावं तसं बघून मान फिरवली.

"कोन गावचा रे तू?" त्याने प्रज्ञेशला विचारलं.

"सेनगावचा."

"आडनाव काय?"

"आडनाव काय करता अण्णा, गाडीचा नंबर घ्या. हरवलो तर त्यावरूनच सापडंन."

ऋतुजा खळखळून हसली, मग संतरामलाही हसावं लागलं. व्याही मात्र जरा विचारी गृहस्थ होते. ते म्हणाले, "अजून आडनावं विचारतात का हो तुमच्याकडे?"

"छे छे! ते आपलं ओळख निघावी म्हणून," संतराम म्हणाला. "आमच्या गावात जातपात मुळीच न्हाई बघा. समदे एका ताटात जेवतेत."

जनकाबाईने मागे पदराचं टोक दाताखाली धरलं. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण राग होता, आणि तो चांगला तापत चालला होता.

अभयारण्यात प्रज्ञेशने आपलं काम चोख केलं. सागाच्या खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले, उतरणीवर उभ्या रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप दाखवला, आणि विहीणबाईंना मोर हवा होता तर मोरही दाखवला. प्रत्येक ठिकाणी संतराम मध्ये तोंड घालून आपल्या गावच्या शिवाराची बढाई मारत होता. अस्वल? आमच्याकडे याच्या दुप्पट. व्याही हं हं करत होते.

जेवणाच्या शेतात पोचल्यावर जनकाबाईने पाहुण्यांना शेत बघायला पाठवलं आणि आर पेटवला. पीठ रात्रीच जाडसर दळून ठेवलेलं होतं. ते मळून, लाटून, पदर पाडत मध्ये तेल लावून, गोळे वळून तिने रोडगे आरात लावले आणि एकेक जातीने फिरवत बसली. धुराने डोळ्यांना धार लागली होती. असा जीव लावून तिने सणासुदीलाही कधी स्वयंपाक केला नव्हता. प्रज्ञेश तिच्याकडे बघून म्हणाला, "आई, वैऱ्यासाठी इतकं?" ती म्हणाली, "वैऱ्यासाठीच. दुसऱ्याला थोडा कमी भाजला तर चालतो."

पंगत बसली. तिने रोडगा फोडून त्यात तुपाची धार सोडली, वर वरण घातलं, बाजूला वांग्याची भाजी वाढली. संतरामने पहिला घास घेतला आणि बोलायचं थांबला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचं तोंड दुसऱ्या कामाला लागलं होतं. पहिला रोडगा संपला, दुसरा संपला. मग त्याने स्वतः ताट पुढे केलं.

"बाई, अजून एक टाका. कडक बघून. आन् तुपाला हात आखडू नका."

तिने टाकला. तुपाला हात आखडला नाही.

"व्याही, अशी चव पंचतारांकित हॉटेलात मिळायची न्हाई," बोटं चाटत तो म्हणाला. "या बाईच्या हातात अन्नपूर्णा हाय."

प्रज्ञेशची रीत अशी होती की जेवण झालं की पाहुण्यांना दोन शब्द बोलायला लावायचे आणि ते फोनमध्ये टिपून पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायचे. आज त्याने फोन खिशातच ठेवला होता. पण जनकाबाईने हात धुतले, पदर सारखा केला आणि आपला फोन ऋतुजाच्या हातात दिला.

"माय, अण्णांचं बोलणं माझ्या फोनात काढ. चार लोकांना कळू दे माझी चव."

ऋतुजाने आनंदाने फोन रोखला. संतरामने गळा साफ केला, टोपी सारखी केली.

"मी संतराम, डोंगरवाडीचा. आज या बाईंच्या हातचे... बाई, नाव काय तुमचं?"

"जनकाबाई," ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "अमृतरावाची जनका. तुमच्याच गावची. शाळेत खिचडीला लागली व्हती ती."

संतरामच्या हनुवटीवर तुपाचा थेंब होता तो तसाच राहिला. त्याने पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फोन चालू होता. व्याही बघत होते, विहीणबाई कौतुकाने म्हणत होत्या, "अगंबाई, तुमच्याच गावच्या की!" आणि सकाळी एका ताटात जेवणाऱ्या गावाची गोष्ट त्यानेच तर सांगितली होती. पळायला वाट नव्हती.

"व्हय तर," तो हसला. ते हसणं ओढून आणलेलं होतं. "आमच्याच जनकाबाई. त्यांच्या हातचे रोडगे... लई झकास."

"मागून घेतले म्हणा, अण्णा."

"मागून घेतले," संतराम म्हणाला.

"मस्त आलंय," ऋतुजा म्हणाली. "कुठे पाठवायचं, काकू?"

"आमच्या गावचा ग्रुप हाय बघ. डोंगरवाडी परिवार. मला काढायचं कुणाच्या ध्यानातच राह्यलं न्हाई."

सुनेनेच बोट टेकवलं. नदीच्या त्या खोलगट भागात रेंज नव्हती, म्हणून निरोपाखाली घड्याळाचं बारकं चिन्ह तसंच राहिलं. पुण्याची मंडळी प्रज्ञेशबरोबर धबधबा बघायला खाली उतरली. काळ्या खडकांतून पैनगंगा ठिकठिकाणी फुटून खाली कोसळत होती आणि तिच्या आवाजात माणसाचं ओरडणंसुद्धा ऐकू गेलं नसतं. पाय दुखतो म्हणून संतराम मागे राहिला. जनकाबाई राखेने पातेलं घासत बसली होती. तो जवळ येऊन उभा राहिला.

"ते काढून टाका, जनकाबाई."

ती घासत राहिली.

"झालं गेलं गंगेला मिळालं. आन् खरं सांगू का, मला कुठं काय वाटतं? मी तर मुंबईला समद्यांच्या हातचं खातो. त्या वक्ताला संगिताला कामाला लावायचं व्हतं. जागा मोकळी करायला काही तरी बोलावं लागतं माणसाला."

जनकाबाईचा हात थांबला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की या माणसाला आपली किळस आहे. किळस तरी खरी असती! त्याला काहीच वाटत नव्हतं. भावजयीला चुलीपुढे बसवायला त्याने पोरांच्या डोळ्यांदेखत तिचे हात घाण ठरवले होते, जसा कुणी वाटेतला दगड पायाने बाजूला करतो. तिला वाटलं हे गरम राखेचं पातेलं याच्या पांढऱ्या कपड्यांवर उपडं करावं.

"म्हंजे तुमाला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "माझ्या हातात काही न्हाई, हे तुमाला म्हाईत व्हतं."

"आता ते सोडा. रविवारी जावळ हाय, सारा गाव जेवायला येणार. भावकी मला माझाच बोल ऐकवंल." तो खाली वाकला, आवाज कडक झाला. "न्हाई काढलं तर ध्यानात ठेवा. हा ड्रायव्हर अमृतरावाचाच पोरगा, आता वळखलं मी. त्याच्या जीपमधी तालुक्यातलं एक माणूस बसू देणार न्हाई मी."

हे मात्र लागायचं तिथे लागलं. जीप गेली तर प्रज्ञेशकडे दुसरं काही नव्हतं, आणि संतरामचा शब्द कुठवर चालतो हे तिने भोगलेलं होतं. सामान चढवताना तिने लेकाला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्याने पोतं वर टाकलं, मागचं दार लावलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर पुण्याची मंडळी पेंगत होती. संतराम पुढे बसून दर वळणाला मागे वळत होता. जनकाबाईच्या मांडीवर फोन उघडा होता. निरोपावर बोट दाबून धरलं की पुसायचं विचारतं, हे तिला लेकानेच शिकवलं होतं. तिने बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. सूड तर तिला हवा होता, जिवाच्या आकांताने हवा होता. पण तो लेकाच्या ताटातून काढून घ्यायचा का? तिने बोट दाबलं. फोनने विचारलं, पुसायचं का?

तेवढ्यात पुढून प्रज्ञेशचा आवाज आला, सकाळी अस्वलाची नखं दाखवताना होता तसाच, मोठा आणि मोकळा.

"मंडळी, आता चढ लागला. वर गेलं की रेंज येती, ज्याला घरी फोन करायचा त्यानं करून घ्या." मग आरशात बघून तो म्हणाला, "आई, तू मागं हाईस, तिथं लवकर येत न्हाई. फोन खिडकीबाहेर धर."

संतरामने गपकन त्याच्याकडे पाहिलं. प्रज्ञेशने गिअर बदलला.

जनकाबाईने फोन खिडकीबाहेर धरला. हात ताठ होता. चढ संपता संपता फोनने बारीक आवाज केला, आणि लगेच पुढच्या सीटवर संतरामच्या खिशात आवाज सुरू झाले. एक, मग दुसरा, मग थांबेचनात. विहीणबाई जाग्या होऊन म्हणाल्या, "अहो, किती लोक तुम्हाला फोन करतायत!" त्याने फोन काढून बघितला आणि बंद करून टाकला.

चहाला जीप थांबली तेव्हा पाहुणे टपरीवर गेले. संतराम मागच्या दाराशी आला. सकाळचा ताठा कुठे सांडला होता कोण जाणे. त्याच्या चेहऱ्याकडे बघून जनकाबाईला आत कुठेतरी दया शोधावीशी वाटली, पण ती सापडली नाही, आणि न सापडल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

"समाधान झालं?" तो म्हणाला. "भावकी म्हणती, अण्णा, तुमच्याच बोलानं तुमी आता पंगतीला चालत न्हाई. माझ्या नातवाचं जावळ, माझा मांडव. तिथं मी कुठं बसू, सांगा आता."

जनकाबाईने हातातला चहा संपवला.

"पंगतीच्या बाहेर लई जागा असती, अण्णा," ती म्हणाली. "आमी पिढ्यान्पिढ्या बसलो तिथं. कुणी उठवत न्हाई."