प्रोफेसर रेगोंची विजेची पेटी

रविवार, ८ नोव्हेंबर १९५३, सकाळी साडेदहा. मासळीचा लिलाव आटोपला होता आणि पाचूबंदरच्या धक्क्यावर सात वर्षांच्या सुझानची डावी मूठ उघडली.

जन्मापासून आवळलेली मूठ ती. कॅथलिक बायकांनी क्रूसाची खूण केली, हिंदू कोळणींनी हात जोडले. मुंबईहून आलेले प्रोफेसर रेगो भर उन्हात कोट घालून उभे होते. त्यांच्या लाकडी पेटीतून निघालेल्या दोन तांब्याच्या तारा पोरीच्या मनगटाला बांधल्या होत्या. तिचा हात आपल्या हातात धरून त्यांनी वर काळं फडकं टाकलं, इंग्रजीत आकडे मोजले आणि फडकं ओढलं. पाचही बोटं मोकळी झालेली.

"या आजाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात," रेगो म्हणाले. "विलायतेतले डॉक्टर हात टेकून बसलेत. मी टेकलो नाही."

त्यांनी हात खाली ठेवला आणि बोटं पुन्हा मिटली. रेगोंना त्याचंही काही वाटलं नाही.

"बघा, करंट संपला. पेटी लहान, आजार मोठा. मोठी पेटी बांधायची तर संशोधन हवं. आणि संशोधन काय वाऱ्यावर चालतं?"

धक्क्यावरची रीत अशी की देवळाचं किंवा चर्चचं काम निघालं की प्रत्येक होडी आपल्या मासळीतून एक वाटा बाजूला काढते आणि त्याचा लिलाव वेगळा होतो. त्या दिवसापासून 'सुझानचा वाटा' निघू लागला. दर रविवारी रेगो धक्क्यावर सभा भरवून मूठ उघडून दाखवायचे आणि वाट्याचे पैसे घेऊन जायचे.

सुझानची आई आग्नेस गर्दीच्या कडेला उभी होती. नवरा बर्नार्ड आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. ग्रहणात मासळी कापली म्हणून पोर अशी झाली, हा निकाल गावाने केव्हाच लावला होता. होड्या समुद्रावर निघायच्या वेळी आग्नेस दार लावून घ्यायची, कारण निघत्या होडीला सुझानचं तोंड दिसायला नको. असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नव्हतं. सात वर्षांत तिच्या घरी कोणी टेकलं नव्हतं.

आता शेजारची ग्रेसी रोज यायला लागली. सुझानची वेणी घालायची, चहा प्यायची, आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगायची. पहिल्या संध्याकाळी ती गेल्यावर आग्नेसने दोन्ही कप बराच वेळ उचलले नाहीत.

रेगोंनी एक पथ्य घातलं होतं. त्या हाताला पाणी लावायचं नाही, करंट उतरतो. थोड्याच दिवसांत मुठीला वास येऊ लागला, नखं तळव्यात रुतली. शेवटी आग्नेसने दार लावलं आणि कोमट पाणी घेऊन बसली. पथ्याआधी रोज आंघोळीला नकळत करायची तसं पोरीचं मनगट खाली वाकवलं. बोटं आपोआप सैल पडली. ती तळवा पुसू लागली आणि तिचा हात थांबला.

तार नव्हती, पेटी नव्हती, आकडे कोणी मोजले नव्हते. तिने मनगट सरळ केलं. मूठ मिटली. वाकवलं. उघडली.

"आग्नेस, कवाड का लावलंस गो?" बाहेरून ग्रेसीची हाक आली. "चाय ठेवतंस ना?"

आत जे दिसलं ते बाहेर सांगितलं, तर ही हाक पुन्हा ऐकू येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातल्या दवाखान्यात डॉक्टर युजीनकडे गेली. त्यांनी सुझानचा हात तपासला, तळव्याला मलम दिलं आणि आपण स्वतः रविवारच्या सभेत बोलतो म्हणाले. बोलणार मी, तुम्ही जवळ उभे राहा, एवढंच तिने मागितलं.

रविवारी रेगो तारा बांधत असताना आग्नेस पुढे गेली आणि तिने त्या सोडून टाकल्या.

"तांडेल, तुम्ही धरा हात," तिने होडीचा म्होरक्या असलेल्या म्हाताऱ्या फ्रान्सिस तांडेलाला सांगितलं. "मनगट खाली वाकवा. हळू."

मूठ उघडली. रेगो ओरडले. "आईच्या अंगात करंट उतरलाय!"

"हात मी धरलाय, मास्तर," तांडेल म्हणाला. "माझ्या अंगात कवा उतरला?"

मागे कोणीतरी हसलं. तांडेलाने पेटी उघडली, तर आत एक जुनी बॅटरी आणि रेती निघाली. तारा बॅटरीपर्यंत पोचतच नव्हत्या. आतून लाकडाला खिळ्याने ठोकलेल्या होत्या.

डॉक्टर युजीननी होडीवरच्या दोराचंच उदाहरण दिलं. बोटं ओढणारे दोर मनगटावरून जातात. मनगट वाकलं की दोर ढिला, सरळ झालं की ताठ. बिघाड मेंदूत आहे, ग्रहणात नाही, आणि तो बरा करणारं औषध आज कोणाकडेही नाही. रोजच्या व्यायामाने आणि स्वच्छतेने त्रास कमी होतो. खरं संशोधन चालू आहे, त्याला मदत जरूर करावी. पण आधी विचारावं, काम कुठे चालतं, कोण करतं, दुसऱ्या कोणी पडताळून पाहिलं का? परक्या हाताने तपासू न देणारा माणूस संशोधन करत नसतो, खेळ करत असतो.

लोक पेटीभोवती जमले असताना रेगो टांगा करून निघून गेले. पोलिसांत कोणी गेलं नाही. देवाच्या रीतीने काढलेला वाटा परत कसा मागायचा, असं सगळे म्हणाले.

संध्याकाळी ग्रेसी दारात आली, आत आली नाही. "खरं बोललीस गो," ती म्हणाली. "पन थोडी थांबली असतीस. माणसं येत होती तुझ्याकडं."

"माहीत हाय," आग्नेस म्हणाली.

त्यानंतर ग्रेसी आलेली नाही. सुझानचा तळवा भरून आला आहे.

कामणहून आलेल्या गाडीवाल्याने काल सांगितलं की तिथे येत्या रविवारी प्रोफेसर रेगोंची सभा आहे. पेटी नवी आहे आणि तशीच मूठ आवळलेली पोरगी तिथलीच आहे. तिथेही मनगट वाकवून दाखवायला आग्नेसने सुझानला घेऊन कामणला जायचं ठरवलं आहे. डॉक्टरांना त्या दिवशी सवड नाही. सोबत कोण येणार, हे आज दुपारपर्यंत ठरलेलं नव्हतं.