हजेरीच्या क्रमाने

आके.

"मिस, गावच्या चुनखडीतल्या सेनोते डोहात पाणी येतं कुठून?"

हा प्रश्न आपण पहिल्यांदाच ऐकतोय, असा चेहरा मिस निदेल्वियाने केला. मागच्या बाकावर शाळेच्या मान्यतेसाठी मोन्तेरेई शहरातून आलेल्या परीक्षक बाई लिहीत होत्या.

मुख्याध्यापिका सोकोरोबाईंनी बजावून ठेवलं होतं. सरकारी अभ्यासक्रमात शिक्षिका सांगते, मुलं उतरवून घेतात. आता शाळा आंतरराष्ट्रीय व्हायची, तर मुलं विचारतील आणि शिक्षिका तोंड आवरेल. "नाही जमलं तर हा तिसरीचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला देते. तू आपली सोमवारची झेंड्याची कवायत घे, बाई. तिथे ओरडायला वाव आहे."

बालाम.

"पाऊस नसला तरी डोह आटत का नाही?"

एक शब्द चुकला नाही. निदेल्वियाने आयुष्यभर पाढे पाठ करून घेतले होते; गेल्या आठवड्यात प्रश्न घेतले. प्रत्येकाला एक, हजेरीच्या क्रमाने. गोंधळ नको.

कानुल.

अडखळला, पण निभावलं.

चान.

 

चान नव्हता. सकाळी कवायतीत उन्हाने भोवळ आली, आई घेऊन गेली.

वर्ग थांबला. पुढचा एउआन हात अर्धा उचलून बसला होता. चानच्या आधी बोलायचं नाही, हे मिसनेच शिकवलं होतं. सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मग परीक्षक बाईही बघू लागल्या. "पुढचा" एवढं म्हटलं की झालं. पण म्हटलं की पाठांतर उघडं पडणार, संपलंच.

एउआन कुजबुजला, "मिस, चानचा विचारू की माझा?"

परीक्षक बाईंचं पेन थांबलं.

निदेल्विया.

"कुणाचाच नको. प्रश्न मीच पाठ करून घेतले होते. आता जे खरंच माहीत नाही, ते विचारा."

दारात उभं राहून ऐकत असलेल्या सोकोरोबाई आत यायला निघाल्या. परीक्षक बाईंनी हातानेच त्यांना थोपवलं.

उक.

हजेरीतली शेवटची. हात न उचलताच म्हणाली, "आजोबा म्हणतात, आपल्या संडासाचं पाणी जमिनीखालून डोहातच जातं. मग नळाला येतं ते कुठलं?"

परीक्षक बाईंनी समोरचा पाण्याचा पेला हळूच लांब सारला.

सोकोरोबाईंनी आत येऊन गळ्यातली कवायतीची शिट्टी काढली आणि निदेल्वियाच्या टेबलावर ठेवली. निदेल्वियाने ती पाहिली. तिने खडू उचलला आणि उकचा प्रश्न फळ्यावर लिहायला घेतला.