खिडक्यांस लेप

परिभाषा कार्यालयाची इमारत रंगवायचं काम मिळालं तेव्हा मिस्त्रींना वाटलं, पंधरा दिवसांत उरकेल. चाळीस वर्षं हातात ब्रश असलेला माणूस. भिंतीवरून नुसती बोटं फिरवली तरी आतली ओल कळायची. पण कुठल्या वस्तूला सरकारी कागदावर काय म्हणायचं हे ठरवणारं ते कार्यालय. कामाचा हुकूमही तिथल्याच विद्वानांनी लिहिलेला : ‘भिंतींस रंग, दारांस रोगण, खिडक्यांस लेप.’

भिंती झाल्या. रोगण म्हणजे वॉर्निश असं धरून मिस्त्रींनी दारंही उरकली. गाडं अडलं ते खिडक्यांच्या गंजक्या गजांपाशी.

“साहेब, लेप म्हणजे नक्की काय लावू?” त्यांनी हेडक्लार्कना विचारलं.

“लेप म्हणजे लेप.”

“लेप आमची ही गुडघ्याला लावते. गजांना ऑइल पेंट लावतात.”

“पेंट म्हणजे रंग. रंग भिंतींना मंजूर आहे, खिडक्यांना नाही.”

“मग काय चुना लावू?”

“कार्यालयाला चुना लावायची भाषा इथे नको!” हेडक्लार्क कडाडले आणि त्यांनी प्रश्न समितीकडे पाठवला.

समिती तिघांची. अध्यक्ष म्हणाले, रंग हा वस्तूचा गुण. डब्यात असतं ते रंगद्रव्य. व्याकरणाच्या बाईंना वाटे, रंग ‘देतात’, रोगण ‘चढवतात’, लेप ‘लावतात’, म्हणजे सगळी मेख क्रियापदात. निवृत्त प्राध्यापक मात्र मुलामा आणि लेप एकच का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत. असे सहा दिवस गेले. मिस्त्री रोज डबा उघडत, वर धरलेली साय काढत आणि झाकण लावून टाकत.

“दिवसभर करता काय तिथे?” बायकोने विचारलं.

“बसतो.”

“मग घरीच बसा. निदान दूध तरी उतू जाणार नाही.”

हे मात्र त्यांना झोंबलं. सातव्या दिवशी त्यांनी कुणालाही न विचारता गज खरवडले, प्रायमर मारला आणि दुसऱ्या दिवशी फिकट हिरवा ऑइल पेंट दिला. दुपारी समिती पाहणीला आली. अध्यक्षांनी गज धरला आणि तळहात हिरवा झाला.

“हा तर रंग आहे!”

“हाताला लागतोय तोवर रंग, साहेब. वाळून गजाला धरला की लेप.”

बाईंनी वही काढली. “आणि रोगण?”

“लाकूड दाखवतं ते रोगण. रंग झाकतो.”

“मुलामा?” प्राध्यापकांनी संधी साधली.

“ते काम आमच्याकडे नसतं. ते करणारे वेगळे असतात,” मिस्त्री सरळपणे म्हणाले. का कुणास ठाऊक, तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आठवड्याने पत्र आलं : मिस्त्री तज्ज्ञ सदस्य झाले होते. बायकोने सदऱ्याला इस्त्री केली. पहिल्या बैठकीचा विषय, ‘घासणे’ आणि ‘खरवडणे’ यांतला फरक.

“पत्र्याने खरवडतात, पॉलिश पेपरने घासतात,” मिस्त्री म्हणाले.

बाई हळूच कानाशी आल्या. “मिस्त्री, विषय आज फक्त मांडायचाय. संपवायचा नाही.”

अध्यक्षांचा डोळा लागला होता. मिस्त्रींची नजर छताकडे गेली. कोपऱ्यात हातभर जागा कोरी राहिली होती. त्यांची स्वतःची चूक! आता त्यांना बसवेना. परवानगी मागून त्यांनी शिडी आणली आणि ते चढले. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने इमानाने नोंद केली : ‘बैठक चालू असताना तज्ज्ञ सदस्य वर गेले.’

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि त्यांना गलबलून आलं.

चार दिवसांनी मिस्त्री घरी चहा पीत असताना पोस्टमन आला. पाकिटावर बायकोचं नाव. आत काळ्या चौकटीतला शोकसंदेश : कार्यालय एका थोर भाषातज्ज्ञाला मुकलं होतं.

बायकोने तो मोठ्याने वाचला आणि डोळे वटारून नवऱ्याकडे बघितलं. “आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना, जिवंत आहात म्हणून!”

“अगं, थांब जरा. पुढच्या बैठकीचं काही लिहिलंय का?”

“नाही.”

“मग राहू दे,” म्हणत मिस्त्रींनी कप पुढे केला. “अजून घोटभर दे.”